मांडवीकाठची कला अकादमी : साडेपाच दशकांची वाटचाल

गोव्यात नाटक न करणारे गाव शोधूनही सापडायचे नाही. देवाची जत्रा असो, काला असो, शिगमा असो. पालखी फिरून देवळात आली की मंडपात पडदा लागायचा आणि खेळ पहाटेपर्यंत चालायचा. वर्षभर शेतात, कुळागरात, दुकानात, कचेरीत राबणारी माणसे त्या एका रात्रीसाठी महिना-दीड महिना तालमी करायची. कला अकादमीचा इतिहास लिहायचा तर १९७० सालापासून आरंभ करून भागत नाही. आधी या मंडपात जावे लागते, कारण अकादमीने पुढे जे जे उभे केले त्याचा पाया तिथे होता.

१९७० पूर्वी : घर सोडून गेलेली कला

गोव्याच्या मातीत सूर होता, ताल होता, नाट्य होते. पण गोव्यातला कलावंत मोठा व्हायचा तो गोव्याबाहेर. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीत गेले आणि १९१८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांचे कर्तृत्व सारे महाराष्ट्राच्या दौऱ्यांवर फुलले. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांना अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली, नावलौकिक मिळाला, तो मुंबईत. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोगसुद्धा १८९२ साली मुंबईतच झाला. पोटापाण्यासाठी मुंबई गाठलेल्या गोवेकरांनी तो तिथे रुजवला आणि मग तो गावी आणला.

मागे राहिलेल्यांची वाट सोपी नव्हती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदू समाजाला थोडा मोकळा श्वास मिळाला. वाचनालये निघाली, मराठी शाळा निघाल्या, नाटकांना जोर चढला. पण पुढे सालाझारच्या राजवटीत छापील अक्षर सरकारी नजरेखालून जाऊ लागले, लग्नाच्या पत्रिकाही त्यातून सुटल्या नाहीत. अशा काळात गावोगावच्या मंडळ्यांनी पौराणिक आणि ऐतिहासिक नाटके करीत रंगभूमी जिवंत ठेवली. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कुठल्याही कागदावर नाहीत. कला अकादमीच्या संस्थापकांची यादी करायची झाली तर त्या अनामिकांना पहिल्या ओळीत बसवावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

त्याच काळात चर्चच्या आधाराने वाढलेले पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण गावोगावी चालू होते. १९५२ साली मायेस्त्रो आंतोनियो द फिगैरेदो यांनी पणजीत ‘आकादेमिया द म्युझिका’ सुरू केली. ही संस्था पुढे कला अकादमीच्या छत्राखाली आली आणि आजचा पाश्चात्त्य संगीत विभाग तिच्यातूनच वाढला. म्हणजे अकादमीची एक शाखा अकादमीपेक्षा वयाने मोठी आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाल्यावर गावोगावी मराठी शाळा निघाल्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाने गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व निश्चित केले. स्वतंत्र राहायचे ठरले, तेव्हा आपल्या कलेला आपल्या भूमीत आधार देणारी संस्था हवी, हा विचार जोर धरू लागला.

१९७० ते १९८० : बिऱ्हाड पाठीवर

१९७० साली तत्कालीन गोवा, दमण व दीव सरकारने कला अकादमीची स्थापना केली. संगीत, नाट्य, नृत्य, लोककला, ललित कला, साहित्य या सगळ्यांना एकाच संस्थेत सामावून घेण्याची ही योजना होती. केंद्रात या कामांसाठी तीन वेगवेगळ्या अकादमी आहेत. छोट्या प्रदेशाला तसा विस्तार परवडणारा नव्हता. पण या एकत्र नांदण्याचा गोव्याला पुढे फायदाच झाला. तबल्याच्या वर्गाशेजारी पियानोचा वर्ग भरू लागला आणि नाटकाच्या मुलांना नृत्याची तालीम दारातून बघता येऊ लागली.

संस्था स्थापन झाली, पण तिला स्वतःची वास्तू नव्हती. पहिल्या दशकातले काम मिळेल त्या सभागृहात, शाळेत, देवळाच्या मंडपात चालले. आज मागे पाहताना वाटते की हे एका परीने बरेच झाले. घर नसल्यामुळे अकादमीला गावोगाव फिरावे लागले आणि त्यामुळे ती गावागावांना आपली वाटू लागली.

याच काळात नाट्यस्पर्धांची घडी बसत गेली. मराठी नाट्यस्पर्धा, कोकणी नाट्यस्पर्धा, तियात्र स्पर्धा अशा वेगवेगळ्या वाटा झाल्या. पुढे मराठी स्पर्धेत ‘अ’ गट आणि ‘ब’ गट अशी रचना रूढ झाली. ग्रामीण भागातल्या नवख्या मंडळींनी ‘ब’ गटात उतरावे, आपल्या परिसरातल्या केंद्रावर प्रयोग करावा, तयारी झाली की ‘अ’ गटाकडे वळावे, असा हा क्रम होता. जत्रेच्या नाटकात प्रॉम्प्टरच्या आवाजावर विसंबणाऱ्या नटाला पाठांतराची, हालचालींच्या आखणीची, वेळेच्या बंधनाची शिस्त या स्पर्धांनी लावली. गोव्यातल्या हौशी रंगभूमीच्या जडणघडणीत इतका मोठा वाटा दुसऱ्या कोणत्याही उपक्रमाचा नाही.

भजनाचेही तसेच. कै. मनोहरबुवा शिरगावकर यांच्या नावाने होणारी अखिल गोवा भजनी स्पर्धा आजही पुरुष, महिला आणि बाल अशा गटांत रंगते. गोव्याचे भजन रागदारीला लगटून असते. पखवाज, झांज आणि हार्मोनियमच्या साथीत गाणारा दहा वर्षांचा मुलगा नकळत रागाचे चलन शिकतो. इथल्या कित्येक शास्त्रीय गायकांचे पहिले गुरुकुल त्यांच्या गावचे भजनी मंडळ होते, ही गोष्ट अकादमीने फार लवकर ओळखली.

या काळातल्या कर्मचाऱ्यांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. स्पर्धेचे अर्ज तपासणे, केंद्रे ठरवणे, परीक्षकांना गावात नेणे-आणणे, रात्री दोन वाजता प्रयोग संपल्यावर गुणपत्रके गोळा करून सकाळी पुन्हा कार्यालयात हजर होणे, हे सारे मोजक्या मंडळींनी केले. पदाधिकारी बदलत राहिले, काम थांबले नाही.

१९८० ते १९९० : वास्तू उभी राहिली

कांपालला, एका बाजूला मिरामारकडे जाणारा रस्ता आणि दुसऱ्या बाजूला मांडवी, अशी जागा संकुलासाठी मिळाली. आराखड्याचे काम आले मूळचे गोमंतकीय असलेले वास्तुविशारद चार्ल्स कुरैय्या यांच्याकडे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झालेले हे काम १९८३ साली पुरे झाले.

या वास्तूवर थोडे थांबून लिहायला हवे. रस्त्यावरून पाहिले तर ती बुटकी, पसरट दिसते. नदीकाठी मोठा थोरला दर्शनी भाग उभारून दरारा निर्माण करणे कुरैय्यांना सहज जमले असते. त्यांनी ते टाळले. आत शिरताना भव्य दरवाजा लागत नाही. वरून तुळयांचा मांडव, खालून चालत जायचे आणि चालता चालता आपण इमारतीत आहोत की बाहेर, हे कळेनासे होते. समोर नदी दिसू लागते. तिकीट असो वा नसो, कोणीही आत यावे, पायऱ्यांवर बसावे, कॅफेत चहा घ्यावा, तालमीचे सूर ऐकत नदीकडे जावे. गोव्यातल्या जुन्या घरांना असलेला बसण्याचा सोपा त्यांनी एका सार्वजनिक वास्तूला दिला. पणजीतल्या दोन पिढ्या इथे भेटल्या, इथल्या कट्ट्यांवर वाद घालून उठल्या आणि त्यांतले बरेच पुढे रंगमंचावर गेले, ते या मोकळेपणामुळे.

मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकर कलामंदिर हे नाव दिले गेले. बळवंत मंडळीचा मालक जन्मभूमीला अशा रीतीने परत आला. सुमारे हजार प्रेक्षक बसतील एवढ्या या नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी चित्रे काढली. जुन्या युरोपीय नाट्यगृहात असतात तशा सज्जांत बसलेले गोव्याचे प्रेक्षक भिंतीवर दिसतात. दुपारच्या तालमीला समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात, तेव्हाही नटाला बघणारे कोणीतरी असतेच. पहिल्यांदा या रंगमंचावर उभ्या राहिलेल्या गावच्या पोराला त्या चित्रांनी किती धीर दिला, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

नाट्यगृहाच्या जोडीला सुमारे दोन हजार माणसे बसतील असे खुले प्रेक्षागृह झाले, प्रायोगिक नाटकांसाठी ब्लॅक बॉक्स झाले, वर्गखोल्या झाल्या, प्रदर्शनाचे दालन झाले. संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे नियमित शिक्षण एका छताखाली आले.

‘अ’ गटाच्या स्पर्धेतला एखादा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळीच टेम्पो मागच्या दाराला लागतो. रंगवलेले फ्लॅट्स, गावच्या सुताराने केलेला जिना, कोणाच्या तरी घरून मागून आणलेले शिसवी कपाट, कपड्यांच्या ट्रंका उतरतात. उतरवणारे हात नटांचेच असतात. जो संध्याकाळी राजा होणार तो आत्ता खिळे ठोकत असतो. नेपथ्य लागले की दिवे. आपल्या गावात दोन-चार दिव्यांवर भागवलेल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली इथे दिव्यांची रांग असते आणि अकादमीचा तंत्रज्ञ त्याला शांतपणे विचारतो, ‘तुका कितें जाय तें सांग.’ दुपारी एक धावती तालीम. चारपासून रंगभूषा. गावाहून बसगाड्या भरून माणसे येतात, म्हाताऱ्या आया येतात, शाळेचे मास्तर येतात. तिसरी घंटा होते. तिघे परीक्षक आपापला छोटा दिवा लावून बसलेले असतात. पुढचे अडीच-तीन तास गोव्यातले एक गाव राजधानीच्या रंगमंचावर उभे असते. निकाल काहीही लागो, परत जाताना त्या टेम्पोत पुढच्या वर्षीच्या नाटकाची बोलणी सुरू झालेली असतात.

१९८६ च्या जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. नवा पूल होईपर्यंत बार्देश-पेडण्याकडच्या लोकांना पणजी गाठायला बेतीची फेरीबोट हाच जवळचा मार्ग उरला. त्या वर्षांत पलीकडच्या मंडळ्यांनी नेपथ्यासह नदी ओलांडून प्रयोग केले.

याच दशकात राजभाषेचा प्रश्न ऐरणीवर होता आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाला. त्या दिवसांत समाजात मतभेद होते, भावना तीव्र होत्या. त्या वादांची नोंद इतरत्र झालेली आहे. अकादमीपुरते सांगायचे तर तिच्या रंगमंचाने मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांना सारखेच जवळ केले. आज मराठी नाटक, उद्या कोकणी, परवा तियात्र, असा क्रम चालू राहिला. कित्येक नट तर दोन्ही भाषांत तितक्याच समरसतेने उभे राहिले.

१९९० ते २००० : शिक्षणाची घडी

हे दशक स्थिरावण्याचे. गायन-वादन, कथक आणि भरतनाट्यम यांचे वर्ग, व्हायोलिन-पियानोचे वर्ग, नाट्यशिक्षण यांना नेमकेपणा आला. अकादमीत शिकून बाहेर पडलेली मुले शाळांतून संगीतशिक्षक, नाट्यशिक्षक म्हणून रुजू झाली आणि बालनाट्याला नवे बळ मिळाले. ‘रंगमेळ’ या अकादमीच्या रंगमंडळाने प्रशिक्षित नटांना एकत्र बांधून मराठी-कोकणी निर्मिती केल्या. हौस आणि व्यवसाय यांच्यामध्ये एक दालन असावे लागते, ते या रंगमंडळाने उघडले.

सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह म्हणजे पणजीकर रसिकांचा सण झाला. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानातील तबकडीवर केसरबाईंचा स्वर आहे, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्यांच्या गावापासून फार दूर नसलेल्या रंगमंचावर त्यांच्या नावाने देशभरचे गायक-वादक हजेरी लावतात आणि मागच्या रांगेत अकादमीचे विद्यार्थी वही घेऊन बसतात, याचे मोल आम्हाला अधिक वाटते.

२००० ते २०१० : जगाची ये-जा

२००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आला आणि कला अकादमी त्याचे एक मुख्य स्थान बनली. एरवी नाटकाच्या तालमी चालणाऱ्या आवारात जगभरचे दिग्दर्शक वावरू लागले. महोत्सवाच्या दिवसांत स्थानिक उपक्रमांना जागा सोडावी लागे, त्याची कुरबूर होई. पण सामोपचाराने वेळापत्रके जुळवली जात.

२००८ पासून दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावाने विचार महोत्सव सुरू झाला. हजार खुर्च्या भरून बाहेर पडद्यावर व्याख्यान ऐकणारी गर्दी पणजीने पाहिली. ज्या सभागृहात नाट्यपदांना वन्समोअर मिळतो तिथेच इतिहास, विज्ञान, अर्थकारण यांवरची व्याख्याने लोक शांतपणे ऐकतात, हे गोव्याच्या श्रोत्याला भूषणावह आहे.

याच सुमारास मडगावचे रवींद्र भवन उभे राहिले. फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, कुडचडे आणि साखळीची रवींद्र भवने यांमुळे सुसज्ज रंगमंच तालुक्यांत पोचले. अकादमीचे महत्त्व त्याने कमी झाले नाही. या नव्या भवनांतून काम करणारी कितीतरी माणसे अकादमीतच तयार झाली होती.

२०१० ते २०२० : वास्तूची चिंता

तीस-पस्तीस वर्षे खाऱ्या वाऱ्यात आणि गोव्याच्या पावसात उभ्या असलेल्या काँक्रीटला दुखणी लागणारच. गळती, लोखंडाला गंज, जुनी झालेली वातानुकूलन आणि ध्वनियंत्रणा यांमुळे मोठ्या दुरुस्तीची गरज वाढत गेली. २०१५ साली कुरैय्या यांचे निधन झाले. २०१६ पासून डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने या वास्तूकडे देशभरच्या कलावंतांचे लक्ष नव्याने वेधले. वास्तू पाडावी की राखावी, याची २०१९ साली जाहीर चर्चा झाली, तेव्हा कलाकार, वास्तुविशारद आणि सामान्य नागरिक तिच्या बाजूने उभे राहिले. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. एखाद्या नाट्यगृहासाठी शहराने इतके बोलावे, यातच त्या नाट्यगृहाची किंमत कळते.

२०२० नंतर : पुन्हा पडदा वर

सुवर्णमहोत्सवी वर्ष आले ते महासाथ घेऊन. रंगमंच सुने पडले, भजनी मंडळे घरी बसली, वर्ग मोबाइलवर भरू लागले. त्यापाठोपाठ नूतनीकरणासाठी संकुल बंद झाले. त्या काळात ‘अ’ गटाची नाट्यस्पर्धा फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात भरली. हॉल दुसरा, गाव दुसरे, पण प्रवेशिका आल्याच.

जुलै २०२३ मध्ये एका रात्री खुल्या प्रेक्षागृहातल्या रंगमंचावरचे छप्पर कोसळले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा सुरू झाली. काम कसे झाले, काय राहिले, ध्वनी आणि प्रकाश पूर्वीसारखे आहेत का, यांवर कलाकारांनी प्रश्न मांडले आणि शासनाने जाणकारांची समिती नेमून त्यांत लक्ष घातले. मतभिन्नतेच्या तपशिलात या लेखात शिरण्याचे प्रयोजन नाही. रंगकर्मींनी ज्या पोटतिडकीने हे प्रश्न विचारले ती पोटतिडीक मात्र नोंदवायलाच हवी. ज्याने त्या रंगमंचावर घाम गाळला आहे त्याला तिथला एक दिवा बंद असला तरी सलतो.

आज वर्ग भरत आहेत. संध्याकाळी तबल्याचे बोल आणि व्हायोलिनचे सूर एकाच व्हरांड्यात ऐकू येतात. नाट्यस्पर्धा, तियात्र, भजन, लोककला, संगीत समारोह यांचे वर्षाचे चक्र फिरते आहे. मंगेशीच्या दीनानाथांना आणि केरीच्या केसरबाईंना कलेसाठी घर सोडावे लागले. आज काणकोण किंवा सत्तरीतल्या मुलीला गायचे असेल, नाचायचे असेल, नाटक करायचे असेल तर तिला गोव्यातच शिक्षण मिळते आणि गोव्यातच रंगमंच मिळतो. संस्थापकांनी, पदाधिकाऱ्यांनी, गुरुजनांनी, तंत्रज्ञांनी, पडदा ओढणाऱ्यांनी आणि झाडलोट करणाऱ्यांनी मिळून साधलेले हे काम आहे.

हा इतिहास लिहिताना एक उणीव सतत जाणवली. गावोगावच्या मंडळ्यांची हस्तपत्रके, प्रयोगांची छायाचित्रे, प्रॉम्प्टरच्या खुणा असलेल्या संहिता, स्पर्धेची प्रमाणपत्रे घराघरांतल्या ट्रंकांत आणि माळ्यांवर पडून आहेत. दर पावसाळ्यात त्यांतली काही वाळवी खाते. ज्यांच्याकडे असा ठेवा असेल त्यांनी मूळ प्रत, ती द्यायची नसल्यास तिची छायाप्रत, मंडळाचे नाव, गाव आणि प्रयोगाचे साल लिहून अकादमीच्या कार्यालयात पोचती करावी, ही नम्र विनंती.